जोडून, तोडून की मध्ये रेघ? मराठी जोडशब्द लिहिताना

चौकाचौकांत ‘मोफत नेत्र तपासणी शिबिर’ असे फलक दिसतात. काय म्हणायचे आहे ते सगळ्यांना कळते, म्हणून कोणी अडत नाही. पण शब्द जसे सुटे रंगवले आहेत तसेच वाचले, तर ‘मोफत’ शेजारच्या ‘नेत्र’ला जाऊन चिकटते आणि शिबिरात डोळे फुकट मिळणार असा अर्थ होतो. ‘मोफत नेत्रतपासणी शिबिर’ लिहिले की मोफत होते ती तपासणी. अक्षर एकही बदलले नाही, फक्त एक मोकळी जागा काढली.

दोन शब्द शेजारी आले की मराठीत लिहिणाऱ्यापुढे तीन वाटा असतात: जोडून लिहा, सुटे लिहा किंवा मध्ये छोटी आडवी रेघ घाला. या रेघेला व्याकरणात संयोगचिन्ह म्हणतात, बोलताना सगळे हायफन म्हणतात. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम पाहिले (१९६२चे १४ आणि १९७२चे ४, एकूण १८) तर त्यांचा भर अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ आणि सामान्यरूपांवर आहे. हायफन कुठे घालायचा हे त्यांतून ठरत नाही. शाळेच्या व्याकरणात संयोगचिन्हाला दोन ओळी मिळतात: दोन शब्द जोडताना, आणि ओळीच्या शेवटी शब्द अपुरा राहिल्यास. त्यातल्या ‘दोन शब्द जोडताना’ने बराच घोटाळा केला आहे, कारण जोडायचे असतील तर मराठीत शब्द सरळ जोडता येतात. मग रेघ कशाला?

उत्तर शब्दांच्या नात्यात आहे. एक शब्द दुसऱ्याच्या अधीन असेल, म्हणजे त्याचा प्रकार, मालक, जागा किंवा कारण सांगत असेल, तर रेघेचे काम नाही, जोडून टाका. पाणीपुरवठा, देवघर, साखरभात, रक्तदान, करमुक्त. दोन्ही शब्द बरोबरीचे असतील तरच रेघेचा विचार करायचा: वादी-प्रतिवादी, आयात-निर्यात. आणि पहिला शब्द अजून स्वतंत्रपणे चालत असेल, वाक्याप्रमाणे रूप बदलत असेल, तर दोघांना सुटे राहू द्यायचे.

रूप बदलते की नाही हे पाहायची सोपी रीत आहे. जोडीला प्रत्यय लावून वाक्यात बसवा. ‘काळा पैसा’चे ‘काळ्या पैशाची चौकशी’ होते. ‘काळा’ हलला, म्हणजे तो अजून साधे विशेषण आहे आणि शब्द दोन आहेत. ‘गोडेतेल’ घ्या: ‘गोडेतेलात तळा’. ‘गोड्या तेलात’ म्हटले तर तेलाला गोडी असल्यासारखे वाटते. पहिला भाग गोठला आहे, म्हणून शब्द एक. ‘पाणीटंचाईमुळे’ म्हणताना प्रत्यय फक्त शेवटी लागतो आणि ‘पाणी’ जागचे हलत नाही. नामाला विभक्ती नाही आणि तरी ते पुढच्या नामाला चिकटून अर्थ देते, म्हणजे तो समास आहे. ‘पाणी टंचाई’ लिहिले तर ‘पाणी’ला वाक्यात उभे राहायला जागाच उरत नाही.

या कसोटीवर मजेदार ठरतो तो ‘काळाबाजार’. ‘तिकिटांचा काळाबाजार करणाऱ्यांना अटक’ यात तो एकसंध शब्द आहे. पण ‘काळ्या बाजारात दुप्पट भावाने विकले’ असेही आपण म्हणतो, आणि तिथे ‘काळ्या’ बदललेला आहे. दोन्ही बरोबर आहे. पहिल्यात तो गुन्ह्याचे नाव आहे, दुसऱ्यात बाजाराचे विशेषण. चूक होते ती सरमिसळीत: ‘काळा बाजाराला आळा’. सुटे लिहिणार असाल तर ‘काळ्या बाजाराला’, न बदलता लिहिणार असाल तर ‘काळाबाजाराला’.

पहिले विशेषण मुळातच न बदलणारे असेल, म्हणजे लाल, गोड, पातळ यांसारखे, तर ही कसोटी चालत नाही. तिथे अर्थ विचारायचा. मंत्र्यांनी कात्रीने कापली ती लाल फीत. फाइल अडकते ती लालफितीत. पहिली दुकानात मिळते, दुसरी मिळत नाही. शब्दांच्या बेरजेपेक्षा वेगळा अर्थ निघाला की जोडायची वेळ झाली.

आणखी एक अपवाद: काळाकुट्ट, हिरवागार, पांढराफटक. ‘काळ्याकुट्ट ढगांत’, ‘हिरव्यागार शेतात’ यांत पहिला भाग बदलतो, तरी आपण जोडूनच लिहितो. कारण ‘कुट्ट’ला एकट्याने उभे राहता येत नाही, आणि ‘गार’ला येते पण तेव्हा त्याचा अर्थ थंड होतो. तेच ‘दगडबिगड’, ‘उरलासुरला’, ‘किडूकमिडूक’चे. ज्याला स्वतःचे पाय नाहीत त्याच्या आधी जागाही नको आणि रेघही नको.

जोडल्यावर मात्र एक किंमत मोजावी लागते, आणि सरकारी मराठी ती वारंवार चुकवते. ‘पिण्याचे पाणी पुरवठा योजना’ हा शब्दसमूह अनेक फलकांवर आहे. हा सुधारायला गेलेला माणूस ‘पिण्याचे पाणीपुरवठा योजना’ करतो आणि जास्तच अडकतो. ‘पाणीपुरवठा’ एक शब्द झाला की त्यातल्या ‘पाणी’ला बाहेरून विशेषण लावता येत नाही. ‘पिण्याचे’ कोण? पुरवठा तर पीत नाहीत. संस्कृत व्याकरणकार पाणिनीच्या ‘समर्थः पदविधिः’ या सूत्रावर भाष्य करताना पतंजलीने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी नेमकी हीच अडचण मांडली आहे: ज्या पदाला समासाबाहेरच्या शब्दाची अपेक्षा आहे ते पद समासात जायला असमर्थ असते. नगरपालिकेच्या फलकाला पतंजली लागू पडतो, तो असा. उपाय म्हणजे समास मोडायचा: ‘पिण्याच्या पाण्याची पुरवठा योजना’ किंवा आणखी सरळ, ‘पिण्याच्या पाण्याची योजना’. ‘जुने कपडे विक्रेते’चेही तसेच. जोडून ‘जुने कपडेविक्रेते’ केले तर विक्रेतेच म्हातारे होतात. ‘जुन्या कपड्यांचे विक्रेते’ लिहा, भांडण मिटते. षष्ठीचा ‘चा-ची-चे’ हा मराठीतला सगळ्यात स्वस्त सांधा आहे आणि तो वापरायला लाजू नये.

इथे इंग्रजीशी तुलना करावीच लागते, कारण आपल्याकडे रेघेचा सोस बराचसा तिथून आला आहे. इंग्रजीत नामाच्या आधी दोन-तीन शब्द मिळून एक विशेषण झाले की त्यांच्यात हायफन घालतात: ‘हाय-स्पीड ट्रेन’, ‘टेन-स्टोरी बिल्डिंग’. तेच शब्द नामानंतर आले की हायफन बहुधा जातो. ‘वेल-नोन सिंगर’ आणि ‘द सिंगर इज वेल नोन’. शेवटी ‘ली’ असलेल्या क्रियाविशेषणानंतर तो घालतच नाहीत: ‘हायली पेड ऑफिसर’. म्हणजे इंग्रजीत रेघ येते ती मुख्यतः अधीन शब्दांना बांधायला. बरोबर उलट. इंग्रजीत विशेषणाला ना लिंग ना वचन ना प्रत्यय, त्यामुळे कोण कोणाला लागले ते दाखवायला खूण हवी. नामांच्या बाबतीत तर इंग्रजीचे तिचे तिलाच ठरत नाही. ‘शॉर्टर ऑक्सफर्ड’ कोशाच्या २००७च्या सहाव्या आवृत्तीत सुमारे १६,००० शब्दांतले हायफन काढले; ‘आइस-क्रीम’चे दोन शब्द झाले आणि ‘बंबल-बी’चा एक. त्यामुळे इंग्रजी लिहिताना नामाचा हायफन आठवून नव्हे, चालू कोश उघडून ठरवावा.

मराठीत हेच बांधण्याचे काम बऱ्याचदा एक ‘ई’ करते. मजल्याचे मजली, कलमाचे कलमी, पानाचे पानी, पगाराचे पगारी. दहामजली इमारत, वीसकलमी कार्यक्रम, सोळापानी पुरवणी, बिनपगारी रजा. ‘मजली’ हा शब्द सुटा कुठेच वापरत नाहीत, त्यामुळे मागच्या संख्येला तो चिकटणारच. ‘दहा-मजली’ मधली रेघ म्हणजे इंग्रजीची नक्कल: कमरेला पट्टा असताना वर करगोटा. ‘दिवसीय’ मात्र जपून. ‘तीनदिवसीय शिबिरे’ म्हणजे तीन दिवस चालणारी कितीही शिबिरे. ‘तीन दिवसीय शिबिरे’ वाचताना, एकेक दिवसाची तीन शिबिरे असेही वाटू शकते. संख्या अंकात असेल तर ‘१० मजली’ असे जागा सोडून लिहायची छपाईची रीत आहे. अंक आणि अक्षर घट्ट बसले की डोळा अडखळतो. शक्यतो संख्या अक्षरात लिहून जोडावी. क्रमवाचक प्रत्यय मात्र अंकाला टेकवूनच: २१व्या शतकात, ५वा मजला.

आता रेघेचा खरा मुलूख, द्वंद्व समास. इथे दोन्ही पदे तोलामोलाची असतात. पण सगळ्याच द्वंद्वांना रेघ लागते असे नाही. मधे ‘आणि’ घालून पाहा. ‘भाजीपाला’चे ‘भाजी आणि पाला’ केले तर बाजारच बदलतो. ‘मीठभाकर’ म्हणजे साधे जेवण, मिठाचा हिशेब त्यात कोणी करत नाही. ‘चहापाणी’ तर चहा आणि पाणी यांच्याबरोबर फराळही कवेत घेते, आणि काही टेबलांवर त्याचा अर्थ फराळाच्याही पलीकडे जातो. ‘चहा-पाणी’ लिहिले की एक कप आणि एक पेला एवढेच उरते. तेव्हा दोन पदांपेक्षा जास्त काही सांगणारे, व्याकरणातले समाहार द्वंद्व, रेघेशिवाय: केरकचरा, वेणीफणी, अंथरूणपांघरूण, पोटपाणी.

हॉटेलच्या पाटीवर हा फरक छान दिसतो. वडापाव आणि पावभाजी हे एकेक पदार्थ झाले. ‘दोन वडापाव द्या’ म्हणताना वडे किती आणि पाव किती हे कोणी मोजत नाही. ‘इडली-चटणी’त मात्र इडली इडली आहे आणि चटणी वेगळ्या वाटीत आहे. तिथे रेघ शोभते.

‘आणि’ घालून अर्थ तोच राहिला तर रेघ चालते, पण शब्द रुळलेला असेल तर तिची गरज नसते. आईवडील, भाऊबहीण, पापपुण्य, देवाणघेवाण हे जोडून लिहिलेले बरे. रेघ हवीच अशा जागा मोजक्या आहेत. एक, जोडल्यावर अक्षरांची गर्दी होते तिथे: ‘मामामामी’ आणि ‘काकाकाकू’ वाचताना जीभ अडकते, म्हणून मामा-मामी, काका-काकू. दुसरी, विशेषनामे: पुणे-नाशिक महामार्ग, पणजी-मडगाव बस, भारत-श्रीलंका सामना. ‘पुणेनाशिक’ नावाचे गाव नाही. तिसरी, दोन पक्ष समोरासमोर असतात किंवा दिशा दाखवायची असते: वादी-प्रतिवादी, इंग्रजी-मराठी शब्दकोश. या शेवटच्यात रेघेचा अर्थ ‘कडून कडे’ असा आहे. शब्दांची अदलाबदल केली तर हातात दुसराच कोश येतो. चौथी जागा म्हणजे अदमासाच्या संख्या: दोन-तीन, दहा-बारा, पाच-पन्नास. इथे ‘दोन तीन’ सुटे लिहिले तर आकडे मोजल्यासारखे होते.

छोटामोठा, खराखोटा, बरावाईट अशा विशेषणांच्या जोड्यांत दोन्ही पदे बदलतात: छोट्यामोठ्या, खऱ्याखोट्याची. वरची कसोटी लावली तर हे सुटे लिहायला हवेत. पण दोघे जोडीनेच बदलतात, एकटा कोणी नाही, म्हणून जोडावेत. वाक्य लांब असेल तर ‘छोट्या-मोठ्या’ही खपते. एकाच लेखात एकदा असे आणि एकदा तसे मात्र नको.

सुटे की जोडून या निवडीने कधी कधी स्पेलिंगच बदलते, आणि हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा हा नियम. पण समासातले पहिले पद मूळ संस्कृतात ऱ्हस्व असेल तर ते ऱ्हस्वच राहते. म्हणून सुटा ‘कवी’, पण कविसंमेलन. बुद्धी, पण बुद्धिबळ. शक्ती, पण शक्तिपीठ. स्मृती, पण स्मृतिदिन. गुरू, पण गुरुपौर्णिमा. ‘विद्यार्थी’ आणि ‘पक्षी’ यांसारखे शब्द मुळात संस्कृतात ‘इन्’ने संपणारे (विद्यार्थिन्, पक्षिन्), म्हणून त्यांचेही विद्यार्थिमंडळ, पक्षिमित्र. लक्ष्मी, नदी मुळातच दीर्घ, म्हणून लक्ष्मीपूजन, नदीपात्र. ‘शक्तीपीठ’ किंवा ‘स्मृतीदिन’ लिहिणारा माणूस मनात दोन शब्द लिहितो आणि कागदावर एक. रेघ घातली तरी समास मोडत नाही, तेव्हा ‘गुरु-शिष्य परंपरा’ ऱ्हस्वच. ‘गुरू आणि शिष्य’ म्हटले की दीर्घ.

उपसर्गांच्या बाबतीत इंग्रजीला रेघ लागते त्याचे एक कारण तिची लिपी आहे. ‘को-ऑप’मधली रेघ काढली तर तेच स्पेलिंग ‘कूप’ असे वाचले जाते, आणि त्याचा अर्थ खुराडे. दोन स्वर एकत्र आले की रोमन लिपीत सांधा दिसेनासा होतो. देवनागरीत स्वतंत्र स्वराला स्वतःचे अक्षर आहे; ‘उपअधीक्षक’मध्ये मधला ‘अ’ ठसठशीत उभा आहे, सांधा त्यानेच दाखवला. मग उपमुख्यमंत्री, सहसंपादक, माजीसैनिक यांतले कुठले जोडायचे? पहिले दोन, ‘उप’ आणि ‘सह’ हे इथे उपसर्गासारखे आले आहेत. ‘माजी’ हे स्वतंत्र विशेषण आहे, म्हणून ‘माजी सैनिक’.

शब्दयोगी अव्ययांचे थोडक्यात: समोर, साठी, मुळे, खाली, बरोबर हे नामाच्या सामान्यरूपाला लागले की चिकटलेच पाहिजेत. घरासमोर, मुलांसाठी, झाडाखाली. ‘तो समोर बसला’ यात ‘समोर’ एकटा आहे, तिथे जागा सोडायची. ‘त्या मुळे’ असे तोडले की झाडाची मुळे दिसू लागतात.

कार्यालयांच्या नावांपुढे मात्र तर्क थकतो. जिल्हाधिकारी आणि ग्रामपंचायत जोडून, पण जिल्हा परिषद आणि पंचायत समिती सुटे. ‘जिल्हा परिषदेत’ म्हणताना ‘जिल्हा’ बदलत नाही, म्हणजे व्याकरणाने तो समासच. पण रूढी सुटी आहे आणि नाव हे नाव असते. त्या संस्थेच्या पाटीवर जसे आहे तसे लिहावे. दोनपेक्षा जास्त पदे झाली की सगळी जोडण्याचा हट्टही सोडावा. ‘माध्यमिकशिक्षणविभाग’ बरोबर असेल, पण वाचणाऱ्याने काय पाप केले आहे? जिथे अर्थ फिरण्याचा धोका आहे तेवढा सांधा जोडा, बाकी सुटे ठेवा. नेत्रतपासणी जोडली, शिबिर सुटे राहिले, काही बिघडले नाही. मोडी लिपीत तर शब्दांमध्ये जागा सोडायचीच पद्धत नव्हती. अक्षरे एका ओळीत धावायची आणि वाचणारा तोडून घ्यायचा. मोकळी जागा आणि विरामचिन्हे या दोन्हींची घडी मराठीत छापखान्याबरोबर बसली, आणि विरामचिन्हे रुजवण्याचे श्रेय एकोणिसाव्या शतकातले इंग्रज कोशकार आणि भाषांतरकार मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते.

टंकताना होणाऱ्या चुका वेगळ्याच. फोनवर सुचवणीतला शब्द निवडला की कळफलक त्याच्यापुढे आपणच एक जागा सोडतो, त्यामुळे ‘पाणी’ निवडून ‘पुरवठा’ निवडला की मधली जागा आयती पडते. ती मागे जाऊन खोडावी लागते. बोलून टंकतानाही हेच होते. रेघ घालताना तिच्या दोन्ही बाजूंना जागा नको: ‘आई - वडील’ यात ती रेघ संयोगचिन्ह न राहता अपसारणचिन्हासारखी (डॅशसारखी) दिसते, म्हणजे ‘आई, अर्थात वडील’. अपसारणचिन्ह लांब असते आणि त्याच्या दोन्ही बाजूंना जागा लागते. फोनवर हायफनची कळ दाबून धरली की लांब रेघा वर येतात.

‘मुंबई-गोवा’ लिहिल्यावर ‘मुंबई-’ ओळीच्या शेवटी आणि ‘गोवा’ पुढच्या ओळीत जाते. ते नको असेल तर वर्डमध्ये कंट्रोल आणि शिफ्ट दाबून हायफन टंकावा. तो न तुटणारा हायफन असतो. शब्द ओळीअखेर मुद्दाम तोडायचा असेल तर सांध्यावर तोडावा, ‘पाणी-’ वर आणि ‘पुरवठा’ खाली. जोडाक्षराच्या किंवा रफाराच्या आत कधीच नाही. आणि असा तोडण्याचा हायफन साध्या कळीने हाताने घालू नये. मजकूर दुसऱ्या मापाच्या पानावर गेला की ओळी सरकतात आणि ती रेघ ‘पाणी-पुरवठा’ म्हणून ओळीच्या मध्यभागी उघडी पडते. वर्डमध्ये नुसता कंट्रोल दाबून हायफन टंकला की ऐच्छिक हायफन पडतो. शब्द ओळीच्या टोकाला आला तरच तो छापला जातो, एरवी दिसत नाही. जुन्या पीडीएफमधून उचललेल्या मजकुरात अशा उघड्या रेघा हमखास सापडतात, म्हणून तो चिकटवल्यावर आधी हायफन शोधायचा आणि एकेक पाहून काढायचा. सगळे एकदम बदलायचा मोह झाला तर ‘पुणे-नाशिक’चे ‘पुणेनाशिक’ होते.